एकोणतीस अक्षरांचा उखाणा

आमच्या घरी पाहुणा आला, की त्याला पाणी मिळायच्या आधी शब्द मिळायचा. पाणी आई आणायची, शब्द मी. बाबा मला हाक मारून बाहेर बोलवायचे, पाहुण्यांसमोर उभं करायचे आणि म्हणायचे, "म्हण बघू." मग मी हात मागे बांधून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, इंग्रजी भाषेतला एखादा मालगाडीएवढा शब्द एका दमात म्हणून दाखवायचे. पाहुणे "वा, वा" करायचे. त्यातल्या निम्म्यांना वाटायचं की मी स्तोत्र म्हटलं. एका मावसआजोबांनी तर डोळे मिटून हात जोडले होते.

ही नव्वद साल उजाडायच्या आसपासची गोष्ट. गिरगावातली खोली सोडून आम्ही पनवेलला, रेल्वेलाइनीच्या पलीकडे नव्याने उभ्या राहत असलेल्या वसाहतीत राहायला आलो होतो. उभ्या राहत असलेल्या म्हणजे खरोखरच. आमच्या बिल्डिंगला रंग लागला होता, समोरचीला प्लॅस्टर नव्हतं आणि तिच्यामागची नुसतीच सळया वर करून उभी होती. सकाळी वाळत घातलेले कपडे संध्याकाळी काढले, की ते आधी झटकावे लागत. शेजारी बहुतेक सगळे मुंबईहून आलेले नोकरदार. बाबांची बदली गावातल्या एका सरकारी कचेरीत झाली होती आणि तिथे त्यांना ती डिक्शनरी भेटली.

साहेबांच्या टेबलफॅनला उंची यावी म्हणून कुणीतरी ती खाली ठेवली होती. बाबांनी साहेबांची रीतसर परवानगी घेतली, डिक्शनरीच्या जागी दोन विटा ठेवल्या आणि दुपारच्या सुट्टीत डबा खाताखाता ते ती वाचू लागले. छोट्या शब्दांकडे ते बघतही नसत. "छोटे शब्द कुणालाही येतात," असं ते म्हणायचे. दर रविवारी स्वयंपाकघराच्या दाराला टांगलेल्या माझ्या जुन्या पाटीवर नवा लांब शब्द यायचा. खाली मराठीत अर्थ. माणूस कामात चोख, अर्थाशिवाय शब्द कधी आणला नाही.

पहिला शब्द होता अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम. अर्थ असा, की सरकारने चर्चला दिलेला आधार काढून घेऊ नये असं मानणाऱ्यांचं मत. पनवेलमध्ये या शब्दाची गरज कुणाला पडणार, असं आम्हांला वाटलं. पण बाबांना ती महिन्याभरात पडली. सोसायटीच्या सभेत कुणीतरी गणपतीला सोसायटीच्या फंडातून पैसे देऊ नयेत असं म्हणालं. बाबा उभे राहिले आणि या मुद्द्यावर आपण काय आहोत ते त्यांनी एका शब्दात सांगितलं. "एका सभासदांनी इंग्रजीत विरोध केला," अशी नोंद करून सेक्रेटरी पुढच्या विषयाकडे वळले. विषय पाण्याच्या टाकीचा होता.

दुसऱ्या शब्दाने तर दवाखाना गाठला. बांधकामांच्या धुळीने आईला खोकला झाला होता. तिला घेऊन बाबा बाजारपेठेतल्या आमच्या डॉक्टरांकडे गेले आणि त्यांनी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिऑसिस तर नसेल ना?" म्हणजे ज्वालामुखीची अतिबारीक धूळ फुफ्फुसात जाऊन होणारा आजार. डॉक्टरांनी विचारलं, "पनवेलला ज्वालामुखी कुठे आहे?" बाबा म्हणाले, "हा सगळा सह्याद्री मुळात ज्वालामुखीचाच आहे." डॉक्टरांनी गुलाबी औषध लिहून दिलं. आईने एकच प्रश्न विचारला, "जेवणाआधी घ्यायचं की नंतर?"

आता आईबद्दल सांगायला हवं, कारण ही गोष्ट खरी तिची आहे. आई पनवेलजवळच्या नेऱ्याच्या बाजूची, डोंगराच्या पायथ्याच्या गावातली. बदली झाली तेव्हा आमच्यात माहेराजवळ आलेली ती एकटीच. पण वसाहतीत ती जपून बोलायची. जिन्यात कुणी भेटलं, की नवी चप्पल घालून चालल्यासारखं एकेक "आहे" आणि "नाही" नीट पाऊल टाकत यायचं. दार लावलं, की मग "हाय" आणि "नाय" मोकळे सुटायचे. लग्नाआधी तिने बालवाडीचा कोर्स केला होता आणि गावच्या देवळाच्या मंडपात पोरांना शिकवलंही होतं. तिच्या हाताखालची पोरं आता मिसरूड फुटलेली होती. ती एसटी स्टँडवर भेटली, की तिला वाकून नमस्कार करायची.

आणि बाबांचं एक वाक्य होतं. तसं साधंच. आईने काही सुचवलं, काही विचारलं, कधी नुसतं बोलायला तोंड उघडलं, तरी ते म्हणायचे, "तुला काय कळतं, थांब." रागाने कधीच नाही. दुसरे नवरे "अगं" म्हणतात तसं हे म्हणायचे, कधी हसून, कधी पेपरातून डोकं न काढता. कुकरची शिटी अडकली, "तुला काय कळतं, थांब." मग स्वतः सोडवायला जायचे, हात भाजून घ्यायचे आणि कुकर आईच सोडवायची. तेव्हा मला यात काही वावगं दिसायचं नाही. आता आठवलं, की बाबांचा राग येतो आणि त्यांच्या हातावरचा फोड आठवला, की हसू येतं.

त्या थंडीत आमच्या महिला मंडळाने ठरवलं, की तळमजल्यावरच्या रिकाम्या खोलीत लहान मुलांसाठी नर्सरी काढायची. बालवाडी नव्हे, नर्सरी. बाई नव्हे, टीचर नेमायची. आईने हे ऐकलं आणि त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं. दुसऱ्या दिवशी साडी बदलून ती वर अध्यक्षबाईंकडे गेली. त्या दादरच्या, निवृत्त मुख्याध्यापकांच्या पत्नी. मंडळात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी आईला चहा दिला, सर्टिफिकेट बघितलं आणि म्हणाल्या, "बघू हं. लहान मुलांच्या कानांवर काय पडतं, त्याला फार महत्त्व असतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवानंतर ठरवू."

कानांवर काय पडतं याचा अर्थ आईला सांगायला डिक्शनरी लागली नाही. रात्री तिने बाबांना विचारलं, "तुमी एकदा बोलता का त्यांच्याशी? मला ही नोकरी पायजेच. पगाराचं नाय. पोरं हवीत मला."

"नर्सरी म्हणजे इंग्रजी असतं ते," बाबा म्हणाले. "तुला काय कळतं, थांब. मी काहीतरी विचार करतो."

तो विचार चालू असतानाच पाटीवर आयुष्यातला सगळ्यांत आवडता शब्द बाबांनी लिहिला. फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन. इंग्रजीत एकोणतीस अक्षरं. ती त्यांनी मोजून, खडूने खाली आकडा घातला होता. मी तो वाचायला गेले आणि पहिल्याच वळणावर अडकले. बाबांनी मला सगळी सकाळ समोर बसवून तो म्हणायला लावला. मी रडकुंडीला आले, बाबा घामाघूम झाले.

आई स्वयंपाकघरात बिरडं सोलत होती. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून एकेक चिमटीत धरायचा, दाबायचा, की सालातून पुटकन दाणा बाहेर. "याचा अर्थ काय हो?" तिने आतून विचारलं.

"एखाद्याला अगदी कवडीमोल समजणं. त्याला काही किंमतच न देणं," बाबा म्हणाले. "तुला काय कळतं, थांब, मला हिच्याकडून पाठ करून घेऊ दे."

थोड्या वेळाने बाबा आंघोळीला गेले. तिने मला हाक मारली आणि परात पुढे सरकवली. "सोल," ती म्हणाली. "एक दाणा, एक तुकडा. पयला दाणा, फ्लॉक्सी. दुसरा, नॉसी. घाई नाय करायची. सगळा शब्द एकदम तोंडात घेतलास म्हणून अडकलीस."

फ्लॉक्सी, पुटकन. नॉसी, पुटकन. निहिली, पिली, दोन दाणे जोडीने. मग फिकेशन, आणि तो दाणा तोंडात टाकायची मुभा. परात संपायच्या आत मी शब्द उलटसुलट म्हणत होते. बाबा टॉवेल गुंडाळून बाहेर आले, मी तो धाडकन म्हणून दाखवला आणि ते इतके खूश झाले की डोकंसुद्धा पुसलं नाही. "बघितलंस?" ते आईला म्हणाले. "सकाळी मी घासून घेतलं, त्याचा हा परिणाम." आई सालं गोळा करत होती.

पुढच्या आठवड्यात बाबांचा विचार पुरा झाला. त्यांनी आईसाठी उखाणा रचला. अध्यक्षबाईंकडच्या हळदीकुंकवात सगळ्या नावं घेणारच, तेव्हा आईने इंग्रजी भाषेतला अवघड शब्द टाकून नाव घ्यायचं, म्हणजे नर्सरीचा प्रश्नच मिटला. बेत तसा वाईट नव्हता. उखाणा मात्र असा होता:

"फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन, शब्द इंग्रजी कठीण,
अमुकरावांच्या विद्वत्तेपुढे सगळे होती लीन."

बाबांचं नाव मी इथे देत नाही, म्हणून अमुकराव. मूळ उखाण्यात ते पूर्ण, वडिलांच्या नावासकट होतं.

"लीन म्हंजे?" आईने विचारलं.

"नम्र. आणि हे बघ, आहे तसंच म्हण. मधे स्वतःचं काही जोडू नकोस. तुला काय—"

"कळतं," आई म्हणाली, "थांबते."

बाबांनी तिच्याकडून तो रोज म्हणून घेतला. शब्द ती पहिल्या दिवसापासून बिनचूक म्हणत होती, पण "लीन"पाशी तिचा आवाज दर वेळी मऊ पडायचा. "जोर हवा," बाबा म्हणायचे.

हळदीकुंकवाच्या संध्याकाळी अध्यक्षबाईंचा हॉल बायकांनी आणि कडेवरच्या पोरांनी भरून गेला होता. पुरुषांना घराबाहेर काढलं होतं. मुख्याध्यापक आणि बाबा दारासमोरच्या पॅसेजमध्ये खुर्च्या टाकून बसले होते. खरं तर बाबांना तिथे बसायचं काहीच कारण नव्हतं, आमचं घर दोन मजले खाली होतं. दार उघडंच होतं. त्यांच्या हातात पेपर होता आणि त्याचं पान काही केल्या उलटत नव्हतं. मी तिळगूळ वाटायच्या निमित्ताने आतबाहेर करत होते.

नावं घेणं सुरू झालं. आमच्या मजल्यावरच्या एकीने घेतलं, "गॅसवर ठेवला कुकर, शिट्ट्या झाल्या तीन, तमुकराव माझे हँडसम, मी त्यांची क्वीन." हशा झाला. मग आईकडे सगळ्यांच्या माना वळल्या. "घ्या वहिनी, तुमच्याकडचा एखादा गावरान होऊ द्या," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्या हे खरोखर प्रेमाने म्हणाल्या, आणि म्हणूनच मला जास्त टोचलं.

आईने पदर सारखा केला. "फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन," ती स्पष्ट, सावकाश म्हणाली. बाहेर पेपर खाली आला. बाबांनी मुख्याध्यापकांना डोळ्याने खूण केली, की ऐका. ठरल्याप्रमाणे आता "शब्द इंग्रजी कठीण" यायचं होतं.

"शब्द लांबच लांब," आई म्हणाली,
"अर्थ त्याचा एवढाच, 'तुला काय कळतं, थांब!'
शब्द शिकवला एकदा, अर्थ शिकवला रोज घरी,
अमुकरावांचं नाव घेते, जीव हाय त्यांच्यावर तरी."

गेली नोकरी, असं मला वाटलं. "हाय" पण गेलं होतं तोंडातून आणि घरातली गोष्टही. आईच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण तिने मान खाली घातली नव्हती.

मग चौथ्या मजल्यावरच्या काकू, ज्या कधी हसत नसत, त्यांनी हळदीचा हात तोंडावर धरला आणि त्यांना हसू आवरेना. "आमच्याकडे," त्या म्हणाल्या, "'तू मधे बोलू नकोस' असं म्हणतात. त्याला हाच शब्द चालेल का?"

"चालेल की," आई म्हणाली. "त्याला पण हाच."

"आणि सासूबाई म्हणत असतील तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"सासूला पण चालतो. शब्द मोठा हाय, सगळे मावतात."

मग काय विचारता. जिला तिला आपापल्या घरातलं वाक्य आठवलं आणि प्रत्येकीला तो शब्द हवा झाला. अध्यक्षबाई मात्र गंभीर होत्या. त्या आपल्याशीच पुटपुटत होत्या, "फ्लॉक्सिनिसि... फ्लॉसि..." मुख्याध्यापकांच्या घरात चाळीसएक वर्षं काढलेल्या बाईला तो शब्द यायलाच हवा होता, आणि येत नव्हता. त्या लाल झाल्या.

आणि आई विसरली. आपण कुठे आहोत, कुणासमोर आहोत, नोकरी कुणाच्या हातात आहे, सगळं. "नाय नाय, तसं नाय," ती पुढे सरकून म्हणाली. "घास मोठा घेतलात तुमी. तोडून घ्या. माझ्यासंगती टाळी वाजवा." तिने अध्यक्षबाईंचे दोन्ही हात धरून समोरासमोर केले. फ्लॉक्सी, टाळी. नॉसी, टाळी. निहिली, पिली, दोन टाळ्या जोडीने. मांडीवरचा त्यांचा तीन वर्षांचा, अजून फारसं न बोलणारा नातू वळून बघायला लागला आणि बोबडं बोबडं "पिली, पिली" करत टाळ्या वाजवू लागला. मग जमिनीवर बसलेली बाकीची पोरं, मग त्यांच्या आया. अध्यक्षबाईंनी अखेर अख्खा शब्द पार केला, तेव्हा त्या दादरच्या राहिल्याच नाहीत. "आला!" त्या ओरडल्या. "अगं बाई, आला!"

त्या जरा वेळ दम घेत बसल्या. नातू आईच्या मांडीवर जाऊन बसला होता आणि उठायचं नाव घेत नव्हता. "वहिनी," त्या म्हणाल्या, "सोमवारपासून खाली येता का?"

आईच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. "घरी विचारून सांगते," ती म्हणाली, सवयीने.

"विचारायचं काय त्यात?" बाहेरून बाबांचा आवाज आला. मग तोच आवाज दचकून म्हणाला, "म्हणजे... तुमचं चालू द्या." हॉल हसून हसून लोळायचा बाकी राहिला.

जिना उतरताना बाबांच्या हातात वाणाची प्लॅस्टिकची गाळणी होती. एक मजला उतरल्यावर ते म्हणाले, "मी म्हणतो असं?"

"कसं?"

"तुला काय कळतं, थांब."

"आत्ता म्हणालात ना."

"तसं नव्हे. रोज म्हणतो?"

"रोज," आई म्हणाली. "रविवारी जास्ती. सुट्टी असते ना."

बाबा जिन्यात थांबले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "मला खरंच माहीत नव्हतं गं," ते म्हणाले. आई म्हणाली, "ते मला माहीत हाय. म्हणून तर शेवटची ओळ घातली."

नर्सरी सुरू झाली. पोरं तिला टीचर म्हणायची ठरली होती, पण आठवड्यात सगळी "बाई" म्हणू लागली, आणि अध्यक्षबाईंचा नातू घरी जाऊन "भात नाय पायजे" म्हणाला. त्यावर अध्यक्षबाई म्हणाल्या, की बोलतोय ते काय कमी आहे. बाबांची सवय मात्र एका दिवसात सुटणारी नव्हती. ते "तुला काय" पर्यंत यायचे, मी लांबूनच दोन टाळ्या वाजवायचे, फ्लॉक्सी, नॉसी, आणि ते गडबडून वाक्य वळवायचे. "तुला काय... काय आणायचंय बाजारातून?" त्या वर्षी आमच्याकडे गरज नसताना फार कोथिंबीर आली.

दिवाळीत गिरगावचे आमचे जुने शेजारी आले. बसल्याबसल्या त्यांनी मला विचारलं, "काय, तो तुझ्या बाबांचा मोठा शब्द म्हणून दाखवतेस ना?" मी हात मागे बांधले आणि घड्याळाकडे बघितलं.

"माझा नाही तो," बाबा आईकडे बोट दाखवत म्हणाले. "तो हिचा आहे. हीच म्हणेल."

आई स्वयंपाकघराच्या दारात, पाटीखाली उभी होती. तिने पदराला हात पुसत शब्द म्हटला, एका दमात, टाळी न वाजवता. पाहुणे "वा, वा" म्हणाले आणि त्यांनी अर्थ विचारला.

"अर्थ राहू द्या," आई म्हणाली. "आमच्याकडे आता तो फारसा लागत नाय."

हे अगदी खरं नव्हतं. त्याच सकाळी चकलीच्या पिठावरून तो लागला होता. पण मी बाबांकडे बघितलं, तर ते खुर्चीत नव्हते. पाहुण्यांना कुणी पाणी दिलं नव्हतं, आणि आई बोलत होती म्हणून पाणी आणायला ते आत गेले होते.